सोडत काढून नागरिक सभा: हवामानाच्या प्रश्नावर शहराचा कौल कसा घ्यायचा

निवडणुकीआधी प्रभागांच्या आरक्षणाची सोडत निघते, तेव्हा चिठ्ठी उचलायला शाळेतली मुलं बोलावतात. सभागृहात इच्छुकांची गर्दी, सगळ्यांचे मोबाईल वर, आणि चिठ्ठी उघडली की एकीकडे टाळ्या, दुसरीकडे पडलेले चेहरे. पण चिठ्ठी काढणाऱ्या पोराशी कुणी भांडत नाही. रीत जुनी आहे. तमिळनाडूत उत्तिरमेरूरला दहाव्या शतकातला चोळकालीन शिलालेख आहे. गावाच्या समित्या कशा निवडायच्या ते त्यात कोरलंय. ताडपत्राच्या तुकड्यांवर नावं लिहायची, मडक्यात टाकून हलवायची आणि लहान मुलाकडून एक उचलून घ्यायची. मात्र मडक्यात कुणाचं नाव पडणार याच्या अटी होत्या: स्वतःची जमीन, स्वतःचं घर, ठरावीक वय, वेदांचं ज्ञान. मडकं पक्षपात करत नव्हतं. तो आधीच उरकलेला असायचा.

हे मडकं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हवामानाच्या धोरणासाठी माणसं चिठ्ठीने निवडण्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग फ्रान्समधला. नोव्हेंबर २०१८ मध्ये इंधनावरच्या वाढीव करावरून पिवळी जाकिटं घातलेले लोक तिथे रस्त्यावर उतरले. कर हवामानाच्या नावाने होता, पण ज्यांच्या गावाला बस जात नाही त्यांच्याच खिशाला तो लागत होता. त्या आंदोलनानंतर राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ यांनी १५० नागरिकांची हवामान सभा बोलावली. ऑक्टोबर २०१९ ते जून २०२० या काळात सात बैठका झाल्या आणि १४९ प्रस्ताव निघाले. आयर्लंडने २०१७ मध्ये, ब्रिटनने २०२० मध्ये असंच केलं. पोलंडच्या ग्दान्स्क शहराने तर त्याआधीच, २०१६ च्या जुलैत अतिवृष्टीने शहर बुडाल्यावर, पुढच्या पावसाची तयारी कशी करायची हे सोडतीने निवडलेल्या नागरिकांना विचारलं.

आपल्याकडे याला जनसुनावणी समजण्याची चूक होते. जनसुनावणीला जो येतो तो बोलतो, दोन मिनिटं बोलतो, आणि ज्याचं काही अडलेलं असतं तोच येतो. नागरिक सभेत यायचं कुणी हे सोडत ठरवते, आलेल्यांना विषय शिकायला वेळ मिळतो, आणि शेवटी त्यांना एकत्र बसून निर्णयाचा मसुदा लिहावा लागतो. खाली दिलेली पद्धत तीन-चार लाख वस्तीच्या शहरासाठी, पन्नास सदस्यांच्या सभेसाठी आहे. उदाहरण उन्हाळ्याचं घेतलंय. पुराचं, कचऱ्याचं किंवा वाहतुकीचंही घेता येईल.

आधी ठराव, मग मंडप

बहुतेक उत्साही मंडळी सुरुवात हॉल शोधण्यापासून करतात. सुरुवात महापालिकेच्या कागदापासून करायची. सभा जे सांगेल त्याचं काय होणार, हे सभा भरण्यापूर्वी लेखी ठरलं नसेल तर ती भरवू नका. माझं हे मत जरा कडक वाटेल, पण पन्नास माणसांचे पाच रविवार घेऊन त्यांना प्रशस्तिपत्रक देऊन घरी पाठवलं, तर ती पुन्हा कुठल्याही बैठकीला येणार नाहीत. शेजाऱ्यांनाही येऊ देणार नाहीत.

मॅक्राँ यांनी शब्द दिला होता की प्रस्ताव 'गाळणी न लावता' पुढे जातील: थेट नियम होतील, संसदेपुढे जातील किंवा जनमताला टाकले जातील. २९ जून २०२० रोजी त्यांनी १४९ पैकी १४६ स्वीकारल्याचं जाहीर केलं. महामार्गावर ताशी ११० किलोमीटरची मर्यादा, लाभांशावर ४ टक्के कर आणि राज्यघटनेच्या प्रास्ताविकेत बदल, हे तीन नाकारले. आकडा दणदणीत वाटतो. पुढचं बघा. रेल्वेने चार तासांच्या आत पोहोचता येत असेल तिथली देशांतर्गत विमानसेवा बंद करा, असं नागरिकांनी म्हटलं होतं. ऑगस्ट २०२१ च्या कायद्यात चार तासांचे अडीच झाले. प्रस्ताव 'स्वीकारला', आणि बरेचसे मार्ग त्यातून सुटले. गाळणी अशी लागते, आकड्यात.

म्हणून ठरावात तीन गोष्टी स्पष्ट मागा. पहिली, प्रत्येक शिफारशीला स्वतंत्र लेखी उत्तर: मान्य, बदलून मान्य किंवा अमान्य, आणि शेवटच्या दोन्हींत कारण. दुसरी, उत्तराची मुदत. तीन महिने पुरेसे आहेत. तिसरी, ज्या शिफारशीला ठरावीक टक्क्यांहून जास्त मतं पडतील तिचं काय. ग्दान्स्कमध्ये ही रेघ ८० टक्क्यांवर होती. तितका पाठिंबा मिळालेली शिफारस राबवायची, असं महापौरांनी कबूल केलं होतं. आपल्याकडे 'राबवू' असा ठराव मिळणं कठीण. 'महासभेच्या विषयपत्रिकेवर तीन महिन्यांत घेऊ' एवढा तरी मिळवा.

प्रश्न किती मोठा?

फ्रान्सच्या सभेपुढचा प्रश्न असा होता: १९९० च्या तुलनेत २०३० पर्यंत हरितगृह वायूंचं उत्सर्जन किमान ४० टक्क्यांनी कमी कसं करायचं, आणि तेही सामाजिक न्याय सांभाळून. शेवटचे शब्द पिवळ्या जाकिटांमुळे आले, आणि सगळी मेहनत त्या शब्दांमुळेच करावी लागली.

शहरासाठी प्रश्न याहून लहान हवा. 'हवामान बदलाला कसं तोंड द्यायचं' हा निबंधाचा विषय झाला. 'येत्या पाच वर्षांत उन्हाच्या त्रासापासून लोकांना वाचवण्यासाठी महापालिकेने आधी काय करावं, आणि त्यासाठी कशावरचा खर्च मागे ठेवावा' हा प्रश्न झाला. मागचा अर्धा भाग गाळायचा मोह सगळ्यांना होतो. गाळलात तर पन्नास जण मिळून पन्नास मागण्यांची यादी देतील आणि आयुक्त हसून ती ठेवून घेतील.

प्रश्न महापालिकेच्या हातातला आहे ना, हेही तपासा. झाडं, उद्यानांच्या वेळा, पाणपोया, बांधकाम परवानगीतल्या अटी, महापालिकेच्या शाळा आणि दवाखाने तिच्या हातात आहेत. विजेचे दर नाहीत. सभेच्या पहिल्याच दिवशी कुणीतरी लाईट बिल काढणार, हे गृहीत धरा आणि उत्तर तयार ठेवा.

मडक्यात काय टाकायचं

इथे जास्त वेळ द्या. आमच्या भागात आम्ही वीस जणांची छोटी सभा भरवून पाहिली होती, पाण्याच्या प्रश्नावर. नावं कुठून घ्यायची? कुणीतरी मालमत्ता कराची यादी आणली. व्यवस्थित टाइप केलेली, पत्त्यांसकट. सोडत अगदी चोख काढली. पहिल्या बैठकीला ओळख करून घेताना लक्षात आलं की खोलीत एकही भाडेकरू नाही. कसा असेल? कर घरमालक भरतो. पाण्यासाठी रात्री दोनला उठणारे सगळे बाहेर आणि स्वतःची टाकी असलेले सगळे आत. उत्तिरमेरूरचं मडकं आम्ही हजार वर्षांनी पुन्हा भरलं होतं.

मतदार यादी त्याहून बरी. पण तिच्यात अठराखालची मुलं नसतात आणि परगावाहून आलेल्या मजुराचं नाव बहुधा त्याच्या गावीच असतं. फ्रान्सने यादीच टाळली. संगणकाने अडीच लाखांच्या आसपास फोन क्रमांक तयार केले, बहुतेक मोबाईलचे, आणि फोन करून विचारलं. वयाची अट सोळापासून. ब्रिटनने ३०,००० घरांना पत्रं पाठवली, आलेल्या होकारांतून ११० जण निवडले आणि १०८ जण सभेला बसले. आपल्याकडे अनोळखी नंबर म्हणजे कर्जवाला आणि पत्र म्हणजे नोटीस. त्यामुळे दारावर जाणं हाच मार्ग.

पद्धत अशी: शहराचे भाग पाडा, त्यातून पन्नास ठिकाणं चिठ्ठीने काढा, प्रत्येक ठिकाणी वीस घरं, दर दहावं किंवा पंधरावं दार. भाडेकरू, पोटमाळा, दुकानाच्या मागची खोली, बांधकामावरची झोपडी, सगळं दारात मोजायचं. घरात जो दार उघडेल त्याला निमंत्रण द्यायचं नाही. घरात सोळा वर्षांवरचे किती आहेत ते विचारून त्यातला एक चिठ्ठीने काढायचा. नाहीतर संध्याकाळी सातला दार उघडणारे बाबाच सभेत भरतील. हजार घरांतून दहात एक हो म्हणाला तरी शंभर नावं हाताशी येतात.

मग पन्नासची जुळणी. सभा शहरासारखी दिसायला हवी: अर्ध्या बायका, वयाचे गट, शिक्षण, काम, सामाजिक प्रवर्ग, आणि घर कसलं: वस्ती, चाळ, सोसायटी की गावठाण. शहरातले चाळीस टक्के लोक वस्त्यांत राहत असतील तर पन्नासातल्या वीस जागा वस्त्यांच्या. ब्रिटनने आणखी एक निकष लावला होता: हवामान बदलाची काळजी वाटते का? ज्यांना वाटत नाही त्यांनाही त्यांच्या प्रमाणात जागा दिली. हे जरूर करा. हवामानाच्या सभेला पर्यावरणवालेच भरले, हा आरोप एका प्रश्नाने टळतो.

या सगळ्या अटी पाळणारे पन्नास-पन्नास जणांचे शंभर वेगवेगळे संच संगणकावर तयार होतात. हे काम कुठल्याही कॉलेजातला संख्याशास्त्राचा विद्यार्थी करून देईल. संचांना ०० ते ९९ क्रमांक द्या आणि यादी आदल्या दिवशी बंद पाकिटात ठेवा. मग भर सभागृहात दोन बरण्या, प्रत्येकीत ० ते ९ च्या चिठ्ठ्या, दोन मुलं. सोडत म्हणजे काय हे या शहराला समजावून सांगावं लागत नाही.

राखीव नावंही त्याच वेळी काढून ठेवा. आयर्लंडमध्ये सदस्य गळत गेले तसे बदली सदस्य घेतले गेले, आणि २०१८ मध्ये उघड झालं की भरती करणाऱ्याने त्यातले सात जण ओळखीपाळखीतून भरले होते. सातही काढावे लागले. नियत वाईट असावी लागते असं नाही. शुक्रवारी रात्री दोन खुर्च्या रिकाम्या दिसल्या की 'आमच्या भावजयीला बोलावू का?' हे वाक्य आपोआप तोंडातून निघतं.

रोज, जेवण, पाळणाघर

सभेला येणं म्हणजे कुणासाठी सुट्टी आणि कुणासाठी बुडालेला रोज. फ्रान्सने न्यायालयातल्या ज्युरीच्या दराने दिवसाला ८६ युरो दिले, ब्रिटनने शनिवार-रविवारचे मिळून १५० पौंड. तुम्ही किमान त्या शहरातली दिवसाची मजुरी द्या, सगळ्यांना सारखी, डॉक्टरलाही आणि घरकाम करणाऱ्या ताईंनाही. रोख, त्याच संध्याकाळी. मुलं सांभाळायला कुणीतरी हवं. तारखा ठरवताना परीक्षा, गणपती आणि आठवडी बाजार बघा, आणि नळाला पाणी कधी येतं तेही विचारा. आमची पहिली बैठक नऊची होती, पाणी साडेनऊला यायचं. बायका आल्या दहाला.

ऐकायचे दोन रविवार

पहिले दोन रविवार फक्त शिकण्याचे. जाणकार येतील, पंधरा मिनिटं बोलतील, मग टेबलाटेबलावर जाऊन प्रश्नांना उत्तरं देतील आणि निघून जातील. चर्चा सुरू असताना जाणकार खोलीत बसला की सगळे त्याच्या तोंडाकडे बघतात. इंग्रजी स्लाईड चालणार नाही, आणि 'अनुकूलन', 'शमन' असली मराठीही चालणार नाही. ज्या शब्दाला टेबलावरची व्यक्ती 'म्हणजे?' म्हणेल तो शब्द फळ्यावर लिहून सोपा करून घ्यायचा.

साक्षीदार एका बाजूचे नकोत. उन्हाच्या विषयावर हवामानशास्त्राचा माणूस हवा, सरकारी दवाखान्यातला डॉक्टर हवा, आणि बिल्डरही हवा. काचेच्या इमारती का बांधतो ते त्याला सांगू द्या. अहमदाबादचं उदाहरण मांडायला कुणीतरी हवं. २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर तिथल्या महापालिकेने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, दक्षिण आशियातल्या शहरांतला पहिला. आगाऊ इशारे, दवाखान्यांची तयारी, पुढे छतांना पांढरा रंग, हे सगळं महापालिकेच्या पातळीवर होऊ शकतं, हे त्यातून दिसतं. सभासदांना आणखी कुणाला बोलवायचं असेल तर दुसऱ्या रविवारसाठी दोन खुर्च्या मोकळ्या ठेवा.

आणि एक दुपार बाहेर काढा. साधे दोन थर्मामीटर घ्या. तीन वाजता एक पत्र्याच्या खोलीत, एक त्याच रस्त्यावरच्या झाडाखाली. खोलीत पंखा पूर्ण वेगाने फिरत असतो आणि गरम हवाच खाली ढकलत असतो. दाराची कडी हाताला चटका देते. बाळाला ओल्या टॉवेलवर निजवलेलं असतं. वातानुकूलित गाडीतून आलेल्या सभासदाला हे दहा मिनिटं बसून कळतं. त्या खोलीत राहणाऱ्या सभासदालाही एक गोष्ट तिथे नव्याने कळते: आपल्या घरात काय चाललंय ते आकड्यात सांगता येतं.

टेबलावर

सात-आठ जणांचं एक टेबल, प्रत्येक टेबलावर एक संवादक. संवादकाने स्वतःचं मत सांगायचं नाही, आणि तो महापालिकेचा कर्मचारी किंवा कुठल्या पक्षाचा कार्यकर्ता नसावा.

छातीवरच्या बिल्ल्यावर फक्त नाव लिहा, आडनाव नको. आपल्याकडे आडनाव वाचलं की जात, गाव आणि बऱ्याचदा पक्षसुद्धा कळल्यासारखा वाटतो, आणि मग माणूस काय म्हणतो ते ऐकूच येत नाही. हुद्दाही नको. लोक आपसात काका, ताई, दादा म्हणतील, तेवढं पुरे. टेबलं दर बैठकीला बदला, एकाच गल्लीतले दोघे एकत्र बसवू नका.

महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची वेगळी ग्रामसभा घेण्याची तरतूद आहे. कित्येक ठिकाणी ती कागदावरच होते, पण कल्पना पक्की आहे. तिसऱ्या रविवारी सकाळी एक तास बायकांची टेबलं वेगळी लावा; तिथे निघालेले मुद्दे फळ्यावर आधी लिहा आणि मग मिश्र टेबलांवर जा. जो बोलतच राहतो त्याला थांबवण्याचं वाक्य संवादकाने पाठ करावं: 'काका, तुमचा मुद्दा लिहून घेतलाय, वाचून दाखवतो. बरोबर आहे ना? आता या ताईंचं ऐकू.' लिहिलेलं वाचून दाखवलं की काका खरंच थांबतात.

याबाबत आपल्याला परदेशाकडेच बघायला लागतं असं नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणत बरीच वर्षं अभ्यास गट चालवले. अभ्यास गटात बाहेरचा जाणकार येतो, वाद होतो, पण निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत आणि सर्वसहमतीने. त्याच वाटेने वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये जवळपास १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क आला. शिकायची जागा आणि ठरवायची जागा वेगळी ठेवण्याचं हे शहाणपण मला कुठल्याही युरोपीय सभेपेक्षा सरस वाटतं. फक्त, गावात एकमेकांना ओळखणारी माणसं सर्वसहमतीपर्यंत थांबू शकतात. शहरातले अनोळखी पन्नास जण पाच रविवारांत तिथवर पोहोचत नाहीत. तिथे मतदान लागतं.

लिहिणं आणि मत देणं

चौथ्या रविवारी मसुदे. सभासदांनी स्वतः लिहायचे, स्वतःच्या भाषेत. महापालिकेच्या कामकाजाची माहिती असलेला वकील किंवा निवृत्त अधिकारी शेजारी बसवा. तो फक्त 'हे कुठल्या खात्याकडे जाईल' एवढंच सांगेल. प्रत्येक शिफारशीत चार गोष्टी हव्यात: काय, कुणी, कधीपर्यंत, पैसे कुठून. चौथी गोष्ट लिहिताना खोली शांत होते. होऊ द्या.

शिफारशी दहा-पंधराच्या वर जाऊ देऊ नका. १४९ प्रस्ताव हे फ्रान्सचं बळ होतं आणि अडचणही. इतक्यांतून हवे ते उचलणं सरकारला सोपं गेलं. आयर्लंडच्या सभेने तेराच दिल्या.

पाचव्या रविवारी गुप्त मतदान, प्रत्येक शिफारशीवर वेगळं, आणि टक्केवारी अहवालात छापायची, विरोधी मत असलेल्यांच्या दोन ओळींसकट. लोक फुकटच्याच गोष्टी मागतील ही भीती अधिकाऱ्यांना असते. आयर्लंडमध्ये ८० टक्के सभासदांनी कार्बन जास्त सोडणाऱ्या गोष्टींवर जादा कर भरायची तयारी दाखवली. शेतीतून होणाऱ्या उत्सर्जनावर कर लावायला ८९ टक्के अनुकूल होते, तेही गोमांस आणि दुधावर चालणाऱ्या देशात. (तो कर आला नाही, हेही खरं.) उलट फ्रान्सच्या सभेपुढे कामाचा आठवडा २८ तासांवर आणायचा प्रस्ताव आला तेव्हा सभासदांनीच तो पाडला.

मंडप उतरल्यावर

आयर्लंडमध्ये सभेचा अहवाल संसदेच्या सर्वपक्षीय खास समितीकडे गेला. समितीने मार्च २०१९ मध्ये आपला अहवाल दिला, त्याच जूनमध्ये सरकारची कृती योजना आली, आणि २०२१ च्या कायद्यात २०३० पर्यंत उत्सर्जन ५१ टक्क्यांनी घटवण्याचं उद्दिष्ट बसलं. मधली चार वर्षं अहवाल पुढे सरकला, कारण तो कुणाच्या तरी टेबलावर नेमून दिलेला होता. फ्रान्समध्ये पाठपुरावा सभासदांनाच करावा लागला. फेब्रुवारी २०२१ मध्ये ते पुन्हा जमले आणि सरकारने आपल्या प्रस्तावांचं काय केलं याला गुण दिले: दहापैकी सरासरी ३.३.

गुण देण्याची ही बैठक सुरुवातीच्या ठरावातच तारखेसह घालून घ्या. सभासदांतून पाच जण सोडतीने काढा, त्यांना दर तीन महिन्यांनी संबंधित खात्यांना भेटण्याचा अधिकार ठरावात लिहून घ्या. त्यांच्याकडे एकच तक्ता असेल: शिफारस, मतांची टक्केवारी, महापालिकेचं उत्तर, आजची स्थिती. सहा महिन्यांनी पन्नासही जणांना बोलवायचं, त्या दिवसाचाही रोज द्यायचा, आणि प्रत्येक शिफारशीपुढे गुण टाकायचे. तक्ता वर्तमानपत्रांना द्या, प्रभाग कार्यालयाबाहेर लावा. पत्र्याच्या खोलीतले आणि झाडाखालचे ते दोन आकडे तक्त्याच्या वर लिहा, आणि पुढच्या मे महिन्यात त्याच दोन जागी, त्याच वेळी, तेच थर्मामीटर घेऊन पुन्हा जा.